चुना, चिरा आणि आपल्या मंदिराच्या भिंती

महोत्सवाची स्मरणिका म्हटली म्हणजे तीत मंदिराचा पाया घालणाऱ्या धर्मगुरूंची चरित्रे, देणगीदारांच्या याद्या आणि होऊन गेलेल्या सोहळ्यांची वर्णने यावयाचीच. ती ह्या अंकात अन्यत्र आली आहेत, आणि ती येणे योग्यही आहे. परंतु ज्या भिंतींनी आपल्या पणज्यांचे बाप्तिस्मे पाहिले, ज्यांच्या आत आपल्या आजोबांची लग्ने लागली, त्या भिंतींची कुळकथा मात्र सहसा कोणी लिहीत नाही. त्या कशाच्या केल्या आहेत, त्यांतील दगड एकमेकांशी कशाने सांधले आहेत, आणि सव्वाशे पावसाळे सोसून त्या उभ्या कशा राहिल्या, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. आम्हांसही ते पुष्कळ वर्षे ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानाची किंमत एका मंदिरास द्यावी लागली. ती हकीकत पुढे यथास्थळी येईल.

हा विषय आज काढण्यास एक तातडीचे कारणही आहे. शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या मंदिराची डागडुजी करावयाचे ठरले असून, धर्मग्रामाच्या सभेत दोन सूचना पुढे आल्या आहेत. जुना गिलावा खरवडून काढून आतील काळा दगड उघडा करावा, म्हणजे मंदिराचे प्राचीनत्व खुलून दिसेल, असे कित्येकांचे म्हणणे आहे. दुसऱ्या कित्येकांचे म्हणणे असे की, चुन्याचे दिवस आता गेले. भिंतींवर सिमेंटाचा जाड थर द्यावा, म्हणजे पुढील शंभर वर्षे पाहावयास नको. दोन्ही सूचनांच्या मुळाशी मंदिराविषयीचे प्रेमच आहे, ह्याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. तथापि निर्णय करण्यापूर्वी ह्या दोन वस्तूंचा, म्हणजे चुना व सिमेंट ह्यांचा, इतिहास सर्वांनी एकवार ऐकून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.

भिंती तपासणे हे धर्मगुरूचे काम आहे काय, असे कोणी विचारील. लेवीय ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात ह्याचे उत्तर आहे. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खोलगट डाग पडले, तर याजकाने येऊन ते पाहावे, घर सात दिवस बंद ठेवावे, आणि मग पुन्हा येऊन पाहावे. डाग पसरले असतील तर बिघडलेले दगड काढून नगराबाहेर टाकावे, घर आतून खरवडावे, दुसरे दगड बसवावे व नवा गिलावा करावा, असा तेथे नियम सांगितला आहे. सेमिनरीत असताना हा अध्याय वाचून आम्ही विद्यार्थी हसलो होतो. पाव शतकाहून अधिक काळ निरनिराळ्या मंदिरांची छपरे व भिंती सांभाळल्यानंतर आता आम्हांस हसू येत नाही. त्या नियमातील पहिली आज्ञा पाडण्याची नाही, की लिंपण्याचीही नाही. आधी पाहा, मग थांबा, आणि मग पुन्हा पाहा, अशी ती आहे.

आता चुन्याकडे वळू. चुनखडीचा दगड असो किंवा समुद्रकाठचे शिंपले असोत, दोहोंचे द्रव्य मुळात एकच. ते भट्टीत घालून सुमारे ९०० अंश शतमान उष्णतेपर्यंत भाजले, म्हणजे त्यात कोंडलेला कर्बवायू निघून जातो. शुद्ध चुनखडीचे १०० भाग भाजले तर ४४ भाग वायू होऊन उडतात व ५६ भाग कळीचा चुना उरतो. ह्या कळीवर पाणी घातले की ती फसफसते, तापते, फुटते आणि १८ भाग पाणी पिऊन ७४ भाग विरलेला चुना होतो. हा चुना वाळूत कालवून भिंतीत घातला म्हणजे तो हवेतून हळूहळू तोच ४४ भाग वायू परत घेतो, प्यालेले १८ भाग पाणी सोडून देतो, आणि पुन्हा पुरते १०० भाग चुनखडी होऊन बसतो. म्हणजे दगड होता, त्याची पूड झाली, पूड लोण्यासारखी मऊ झाली, आणि गवंड्याने हवी तेथे बसविल्यावर तिचा पुन्हा दगड झाला. हे शेवटचे रूपांतर अतिशय मंदगतीने होते. जाड भिंतीच्या पोटात तर हवा पोहोचावयास फार काळ लागतो, आणि बाहेरचा चुना दगड झाला तरी आतला पुष्कळ वर्षे तितकासा कठीण झालेला नसतो.

ह्या चमत्काराने मोठमोठ्या विचारवंतांनाही थक्क केले आहे. संत ऑगस्टीन ह्यांनी आपल्या 'देवाचे नगर' ह्या ग्रंथाच्या एकविसाव्या खंडात कळीच्या चुन्याचा दाखला दिला आहे. ज्या पाण्याने विस्तव विझतो, त्याच पाण्याने चुन्यातील दडलेला विस्तव जागा व्हावा, आणि ज्या तेलाने विस्तव भडकतो त्याने मात्र तो जागा होऊ नये, ह्याचे त्यांना नवल वाटले. आज रसायनशास्त्राने त्याचा उलगडा केला असला, तरी चुना विरविताना वाफेचा लोट उठलेला ज्याने पाहिला असेल, त्यास त्या नवलाची सत्यता पटेल.

रोमन लोक चुन्याच्या कामात निष्णात होते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस ह्याने आपल्या दहा खंडांच्या ग्रंथात मालाचे प्रमाणच सांगून ठेवले आहे: वाळू खाणीतील असेल तर चुन्याच्या एका भागास तीन भाग, आणि नदीची अथवा समुद्राची असेल तर दोन भाग. नदीच्या वाळूत एकतृतीयांश कुटलेले खापर चाळून मिसळल्यास माल अधिक चांगला होतो, असेही तो म्हणतो. आपल्याकडील गवंडी भाजक्या विटांची पूड, जीस आपण सुरखी म्हणतो, ती चुन्यात घालीत आले आहेत, ती ह्याच गुणासाठी. भाजलेल्या मातीतील द्रव्याचा चुन्याशी संयोग होऊन माल ओलीतही घट्ट होतो. त्यास केवळ हवेवर अवलंबून राहावे लागत नाही. प्लिनी नावाचा दुसरा रोमन ग्रंथकार लिहितो की, तीन वर्षांहून कमी मुरलेला चुना ठेकेदाराने वापरू नये असा जुन्या काळी निर्बंधच होता. घाई ही बांधकामाची शत्रू आहे, हे त्या लोकांनी ओळखले होते.

नेपल्सजवळच्या ज्वालामुखीच्या प्रदेशात रोमनांना एक राख सापडली. ती चुन्यात मिसळली असता माल पाण्याखालीही दगडासारखा होई. पोझुओली ह्या गावावरून तिला पोझोलाना हे नाव पडले. तिच्याच बळावर त्यांनी बंदरांचे धक्के बांधले. रोम शहरातील पँथियनचा घुमट त्याच जातीच्या मालाचा असून हेड्रियन बादशहाच्या कारकीर्दीत, इ. स. १२६ च्या सुमारास, तो पुरा झाला. त्याचा व्यास सुमारे ४३ मीटर आहे. पोटात लोखंडाची एकही सळई नसलेला इतका मोठा काँक्रीटचा घुमट जगात दुसरा नाही. इ. स. ६०९ मध्ये ती वास्तू पवित्र मरियेला व सर्व हुतात्म्यांना अर्पण करण्यात आली. मंदिर झाल्यामुळे तिची निगा राहिली, आणि निगा राहिल्यामुळे ती आजवर टिकली. निगा हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली, तेव्हापासून १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेईपर्यंत दोनशे वर्षांत त्या किल्ल्यात संत जोसेफाचे मंदिर उभे राहिले, तसेच फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन व ऑगस्टिनियन ह्या संघांची मंदिरे व मठ उभे राहिले. हे काम दगडचुन्याचे. कमानींचे व खांबांचे घडीव दगड जेथे शाबूत आहेत, तेथे त्यांवर पाथरवटाच्या टाकीचे काम आजही पाहण्यास मिळते. वसईच्या दगडाची कीर्ती एवढी होती की, तो गलबतांत घालून गोव्यास नेला जाई. जुन्या गोव्यातील बॉम जेझस मंदिराच्या दर्शनी भागावरील घडीव काम ह्याच वसईच्या काळ्या दगडाचे आहे. ज्या मंदिरात १६२४ पासून संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे शरीर ठेवलेले आहे, त्याच्या दारावर अशा रीतीने आपल्या भूमीचाही हातभार लागला आहे.

परंतु नक्षी काळ्या दगडाची असली, तरी त्या मंदिराच्या भिंती जांभ्याच्या आहेत, आणि येथे आमच्या कथेचा गाभा येतो. जांभा हा चमत्कारिक दगड आहे. फ्रान्सिस बुकानन ह्या संशोधकाने मलबारात हिंडून तो पाहिला आणि १८०७ साली त्यास लॅटेराइट हे नाव दिले. 'लाटेर' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ वीट. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की हत्याराने विटेसारखा कापता येतो. हवेत राहिल्यावर कठीण होतो. लोहाच्या अंशामुळे त्यास तांबडा रंग येतो. पण त्याच्या पोटात मऊ मातीचे असंख्य कप्पे असतात. उघड्यावर राहिलेल्या चिऱ्यावर पावसाचा मारा झाला म्हणजे ही माती धुपून जाते व दगड मधाच्या पोळ्याप्रमाणे पोखरलेला दिसू लागतो. म्हणूनच कोकणात व गोव्यात जुन्या लोकांनी जांभ्याच्या थोर इमारतींस चुन्याचा गिलावा केला आणि त्यावर चुन्याचे हात दिले. मंदिराचा पांढरा रंग शोभेसाठी होताच. परंतु त्याहून अधिक तो रक्षणासाठी होता.

बॉम जेझस मंदिराचे काम १५९४ साली सुरू झाले व १६०५ साली त्याचे अभिमंत्रण झाले. त्याच्या बाहेरच्या अंगास चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकात, पोर्तुगीज अंमलातच, तो गिलावा काढून जांभा उघडा करण्यात आला. आज सर्व जगाला ठाऊक असलेला त्या मंदिराचा तांबडा मुखडा हा असा अलीकडचा आहे. यात्रेकरूंना तो प्राचीन वाटतो, चित्रांत शोभून दिसतो; पण गोव्याच्या प्रचंड पावसात तो उघडा दगड झिजत राहिला. २०२० साली त्या मंदिराच्या व्यवस्थापक धर्मगुरूंनी ह्याविषयी जाहीरपणे काळजी व्यक्त केली आणि गिलावा पुन्हा व्हावा असे मत मांडले. रस्त्याच्या पलीकडेच १५६२ साली आरंभिलेले संत कॅथरिनचे महामंदिर आहे, ज्यास लोक 'से' म्हणतात. तेही जांभ्याचेच; परंतु त्याच्या अंगावरचा पांढरा गिलावा कायम राहिला. एकाच गावातील, एकाच दगडाची, एकाच पावसात उभी असलेली ही दोन मंदिरे म्हणजे गिलाव्याविषयीचा उघडा धडा आहे. आपल्या मंदिराचा दगड काळा, म्हणजे जांभ्याहून पुष्कळ कठीण आहे, हे खरे. पण आपल्या भिंती अखंड घडीव चिऱ्यांच्या नाहीत. त्यांत ओबडधोबड डबर आहे, कमानींत विटा आहेत आणि साऱ्यांच्या मधोमध चुना आहे. गिलावा काढला तर पाऊस दगडाला काही करणार नाही. तो सांध्यांत शिरेल.

आता सिमेंटाची कथा. इंग्लंडच्या दक्षिणेस समुद्रातील एडिस्टोन खडकावर १७५६ ते १७५९ ह्या काळात जॉन स्मीटन ह्याने दीपगृह बांधले. लाटांच्या माऱ्यात टिकेल असा माल कोणता, ह्याचा शोध करताना त्यास आढळले की, ज्या चुनखडीत मातीचा अंश असतो तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो. त्याने अशा चुन्यात इटलीतील चिविताव्हेक्किया येथून आणविलेला पोझोलाना मिसळला. पुढे १८२४ साली लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन ह्या गवंड्याने चुनखडी व माती एकत्र भाजून केलेल्या पुडीचे पेटंट घेतले. तिचा रंग पोर्टलंड बेटावरील दगडासारखा दिसे म्हणून तिला त्याने पोर्टलंड सिमेंट हे नाव दिले. आजचे सिमेंट सुमारे १४५० अंशांपर्यंत भाजावे लागते. ते हवेची वाट पाहत नाही. पाण्याशी संयोग होताच काही तासांत आवळते व सुमारे महिनाभरात आपले बहुतेक बळ कमावते. आपल्या देशात पोरबंदर येथील कारखान्यातून १९१४ पासून सिमेंट निघू लागले. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया हे १९११ साली पायाभरणी होऊन १९२४ साली पूर्ण झाले. त्याचा दगड खरोडीकडचा पिवळसर, आणि त्यास लोखंडी सळयांच्या काँक्रीटची जोड आहे. जुने व नवे ह्यांचा तो संधिकाल होता.

सिमेंटाची निंदा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. काँक्रीट दाब सहन करते, ताण सहन करीत नाही. लोखंड ताण सहन करते. आणि दोघे उष्णतेने जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. ह्या मैत्रीवर आजचे पूल, धरणे, शाळा व रुग्णालये उभी आहेत. फ्रान्समधील जोसेफ मोन्ये ह्या माळ्याने फुलझाडांच्या कुंड्या मजबूत व्हाव्यात म्हणून सिमेंटात लोखंडाची जाळी घातली व १८६७ साली तिचे पेटंट घेतले. त्या कुंड्यांपासून एवढा वृक्ष वाढला. मात्र ह्या मैत्रीसही एक वैरी आहे, आणि तो वाचकांच्या ओळखीचा आहे. हवेतील जो कर्बवायू चुन्याचा दगड करतो, तोच काँक्रीटमध्ये हळूहळू शिरून त्यातील क्षारगुण कमी करतो. ह्या क्षारगुणाच्या आश्रयानेच आतील लोखंड गंजापासून वाचलेले असते. तो आश्रय सुटला, आणि त्यात समुद्रकाठचे खारे वारे मिळाले, म्हणजे लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. आपल्या गावातील जुन्या सज्जांखाली उघड्या पडलेल्या सळया कोणी पाहिल्या नाहीत? सिमेंट लावले म्हणजे शंभर वर्षे पाहावयास नको, ही समजूत ह्यासाठी खरी नव्हे. निगा कोणत्याच वस्तूला चुकलेली नाही.

आता आमची स्वतःची हकीकत. पुष्कळ वर्षांपूर्वी कोकणपट्टीतील एका लहानशा धर्मग्रामात आमची नेमणूक होती. मंदिर जांभ्याचे, गिलावा चुन्याचा. साक्रिस्तीच्या भिंतीला ओल येई, पावसाळ्यात पोपडे पडत, आणि दर वर्षी नाताळापूर्वी चुन्याचा हात द्यावा लागे. आम्हांस ह्या दर वर्षीच्या कामाचा कंटाळा आला. आम्ही ठरविले की, सिमेंटाचा चांगला जाड गिलावा करून हा प्रश्न एकदाचा मिटवावा. गावात एक वृद्ध गवंडी होते. ते म्हणाले, "फादर, हिला घाम येतो, तो येऊ द्या. वाट बंद केलीत तर पाणी दुसरी वाट काढील." आम्ही त्यांचे बोलणे हसण्यावारी नेले. त्यांनी काम नाकारले. दुसऱ्या गवंड्याकडून आम्ही ते करवून घेतले. पहिल्या वर्षी भिंत आरशासारखी दिसू लागली आणि लोकांनी आमची स्तुती केली.

तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीचा वरचा भाग ओला झाला. पूर्वी जेथे ओल कधी पोहोचली नव्हती तेथे ती चढली. पाचव्या वर्षी गिलाव्यावर हात मारला तर पोकळ आवाज येऊ लागला. आणि एके रात्री हातभर रुंदीचा एक तुकडा खाली आला. सकाळी आम्ही तो उलटून पाहिला, तेव्हा त्याच्या पाठीस जांभ्याचा दोन बोटे जाडीचा थर चिकटलेला होता. चुन्याचा गिलावा पडे तेव्हा तो एकटा पडे. सिमेंटाने जाताना दगड बरोबर नेला. उरलेला गिलावा काढविताना आणखी चिरे फुटले. ते वृद्ध गवंडी तोवर देवाघरी गेले होते. त्यांची क्षमा मागण्याची संधी आम्हांस मिळाली नाही; हा लेख काही अंशी तीच क्षमायाचना आहे.

असे का झाले, हे आम्ही मागाहून जाणत्या लोकांकडून समजून घेतले. जुन्या भिंतीच्या पायाखाली आजच्यासारखा ओल अडविणारा थर नसतो. जमिनीतील पाणी सूक्ष्म छिद्रांतून वर चढते व त्याबरोबर क्षारही चढतात. चुना सच्छिद्र असल्यामुळे हे पाणी सांध्यांतून व गिलाव्यातून वाफ होऊन बाहेर पडते. क्षार गिलाव्यात साचतात, भिंतीस लोणा लागतो, गिलावा भुसभुशीत होऊन झडतो. ह्यालाच आपण बिघाड समजतो. वस्तुतः गिलावा त्या वेळी आपले काम करीत असतो. दगडाचे मरण तो आपल्यावर घेतो, आणि तो पुन्हा करता येतो. दगड पुन्हा करता येत नाही. दाट सिमेंटाने ही वाट बुजली म्हणजे पाणी मागे कोंडते, वर चढते, आणि क्षार गिलाव्याच्या मागे दगडातच साचून त्यास फोडतात. शिवाय जुनी भिंत उन्हापावसाने किंचित हालते. चुना मऊ असल्यामुळे ती हालचाल सोसतो. त्यास बारीक तडा गेला तर पाण्यात विरघळलेला चुना त्या फटीत पुन्हा साचून ती बुजवितोही. सिमेंट ताठ असते. ते सोसत नाही, तडकते. त्या तड्यातून पावसाचे पाणी आत शिरते, आणि बाहेर यावयास त्यास मार्ग राहत नाही.

जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही, कारण ते ठिगळ वस्त्राला ओढून फाटके अधिक फाडते, हा प्रभूचा दृष्टान्त आपण मंदिरात कितीदा ऐकला आहे. आम्ही त्यावर प्रवचनेही केली होती. परंतु ज्या भिंतीपाशी उभे राहून ती केली, त्याच भिंतीवर आम्ही ते ठिगळ लावले. दोष कोऱ्या कापडाचा नव्हता, जुन्या वस्त्राचाही नव्हता. दोष विजोड सांगडीचा होता. नव्या सभागृहास सिमेंट अवश्य वापरावे. जुन्या भिंतीस तिच्याच जातीचा माल द्यावा, आणि तो भिंतीतील दगडाहून मऊ असावा. आमच्या समजुतीप्रमाणे ह्या साऱ्या शास्त्राचे सार एवढेच आहे.

तेव्हा आपल्या मंदिराचे काय करावे? प्रथम माथा व पाया पाहावे. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मंदिर १८३५ साली ओस पडले. १८४२ साली त्याचे छत कोसळले. १९३१ साली दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. सुमारे ४६ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचा अवशेष आज उभा आहे. आधी छप्पर गेले, मग भिंत गेली, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. म्हणून गिलाव्याचा विचार करण्यापूर्वी आपली फुटकी कौले बदलली पाहिजेत, पन्हळी साफ केल्या पाहिजेत, आणि जोत्याला लागून अनेक वर्षांत साचलेला मातीचा भराव काढून पाणी दूर जाईल असा उतार दिला पाहिजे. एवढ्यानेच निम्मी ओल कमी झाली तर आम्हांस आश्चर्य वाटणार नाही. दुसरे, भिंतीवर हलकेच ठोकून जेथे पोकळ आवाज येईल तेवढाच गिलावा काढावा. घट्ट असलेला जुना गिलावा हा आपला वारसा आहे, त्यास हात लावू नये. तिसरे, नवा गिलावा चांगल्या विरलेल्या व मुरलेल्या चुन्याचा, धुतलेल्या वाळूचा व सुरखीचा करावा, थर पातळ द्यावेत, आणि प्रत्येक थर ओल्या गोणपाटाखाली सावकाश सुकू द्यावा. शेवटी चुन्याचे हात द्यावेत. भिंतीची छिद्रे बुजविणारा तेलाचा रंग लावू नये.

ह्या मार्गात अडचणी आहेत, त्या लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चुन्याचे काम जाणणारे गवंडी थोडे उरले आहेत. त्यास वेळ लागतो, आणि पहिला खर्चही कदाचित अधिक येईल. महोत्सवाच्या दिवशी मंदिराची एखादी बाजू अर्धवट राहिलेली दिसेल, पाहुण्यांच्या नजरेस ती पडेल, छायाचित्रांतही येईल. ज्यांनी मोठ्या उत्साहाने देणग्या दिल्या, त्यांना आपले पैसे कौलांत, पन्हळींत व मातीच्या उतारात गेलेले पाहून हिरमुसल्यासारखे होईल. तरीही आमची सूचना अशी आहे की, उत्तरेकडील भिंतीचा एक लहानसा पट्टा, जेथे ओल सर्वांत अधिक आहे तेथे, येत्या पावसाळ्यापूर्वी चुन्याने करून घ्यावा. तोवर बाकीच्या भिंतीस कोणी सिमेंट लावू नये, की कोणी ती खरवडू नये. पावसाळा संपल्यावर सर्वांनी मिळून तो पट्टा पाहावा, हात लावून पाहावा, ठोकून पाहावा, आणि मग सभेने निर्णय करावा. तो निर्णय आमच्या मताविरुद्ध झाला तरी तो पाहून केलेला असेल, आणि आम्ही तो मान्य करू.

ज्यांनी हे मंदिर बांधले त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. घाणीत चुना मळणारे, डोक्यावरून दगड वाहणाऱ्या बायका, कमानीचा शेवटचा दगड बसविणारा गवंडी, ह्यांची स्मृती ह्या भिंतींखेरीज कोठेही राहिलेली नाही. त्यांनी आपल्या हातचा मऊ चुना भिंतीत घातला. त्याचा पुरता दगड झालेला पाहावयास त्यांपैकी कोणी राहिले नाही. आपल्या हातूनही असेच काम व्हावे, ज्याची परीक्षा आपण नव्हे, आपली नातवंडे करतील. परमेश्वर आम्हां सर्वांस त्यासाठी धीर व सद्बुद्धी देवो.